दारातला उजेड

नानासोंनी उजेड मोजायच्या लक्समीटरची पांढरी गोल टिकली मशीनच्या सुईखाली ठेवली आणि सुनेला म्हणाले,

"रोज शिवायला बसतेस तशी बस. पुढं वाक. हां, आता हलू नको."

उत्कर्षा मशीनवर वाकली. आकडा एकशे नव्वदवरून घसरत बासष्टवर येऊन थांबला. नानासोंनी तो वहीत लिहिला, मोजणी आणखी दोनदा केली, तिन्हींची सरासरी काढली आणि मान हलवली. ट्यूब मागच्या भिंतीवर होती आणि शिवणारीचे डोके ट्यूब आणि सुई यांच्या बरोबर मध्ये येत होते. गेले दीड वर्ष ही मुलगी स्वतःच्याच सावलीत शिवत होती.

खोली मूळची धान्याची. तिला एक खिडकी होती, पण खिडकीसमोर दीड हातावर शेजाऱ्यांची भिंत होती, आणि शेजाऱ्यांनी गेल्या दिवाळीत ती पोपटी रंगवून घेतली होती. भिंतीवरून परतून आत येणारा उजेड आपल्याबरोबर तो पोपटी रंग घेऊन येई, आणि टेबलावरचे प्रत्येक कापड किंचित आजारी दिसे. ट्यूबखाली लाल आणि डाळिंबी एकच भासत. त्यामुळे कापडाला दोरा जुळवायचा झाला की उत्कर्षा कापड आणि रीळ घेऊन उठे, पुढचा सोपा ओलांडून रस्त्याकडच्या दारात जाई आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून पाही. गावातल्या सगळ्याच शिवणाऱ्या बायका असे करतात. नानासोंनी दोन दिवस मोजले होते. दिवसाला सरासरी बावीस खेपा.

हे सगळे सुलाबाईंच्या सांगण्यावरून चालले होते, आणि नवल होते ते त्याचेच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्या भौतिकशास्त्राकडे उडालेल्या फ्यूजपलीकडे काही मागितले नव्हते. आठ दिवसांपूर्वी त्या गिरणीतून आल्या, पिठाचा डबा खाली ठेवला आणि पदराने मान पुसत म्हणाल्या,

"आवं, पोरीला दोरा बगाया सारखं दारात जावं लागतंय. खोलीतच दिसंल असा एखादा दिवा का न्हाई लावत तुमी?"

मग थोड्या वेळाने, डब्याचे झाकण लावता लावता, गिरणीवर रंगुबाई काय म्हणाली तेही त्यांनी सांगितले. शंभूची बायको सारखी दारात दिसती, एवढेच म्हणाली होती. त्यात वाईट शब्द एकही नव्हता. नानासोंनी ते ऐकले, पण मोजण्याजोगे त्यात काही नसल्यामुळे बाजूला ठेवले. दिव्याचा प्रश्न मात्र त्यांनी मनापासून उचलला. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. नीट मांडलेला प्रश्न त्यांच्यापुढे बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

शंभूराज, त्यांचा एकुलता मुलगा, सैन्यात होता. सव्वादोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वळणावर त्याची गाडी दरीत गेली. तेव्हा उत्कर्षा सव्वीस वर्षांची होती. जतकडून तिचे वडील तिला न्यायला दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा तिने पिशवी भरली नाही. पहिले नऊ-दहा महिने ती परसात आणि स्वयंपाकघरातच वावरली. मग नानासोंनी साताऱ्याहून शिलाई मशीन आणले, कारण लग्नाआधी तिने शिवणाचा वर्ग केला होता, आणि शिकलेली गोष्ट वापराविना पडून राहणे त्यांना पटत नसे. बायका घरी येऊन कापड टाकून जाऊ लागल्या. दारात उभी राहू नकोस असे तिला घरात कुणी कधी म्हटले नव्हते. म्हणावे लागतच नाही. गावात अशा गोष्टी हवेच्या दाबासारख्या असतात. जाणवत कुणालाच नाहीत आणि असतात सगळ्यांवर.

दिव्यासाठी नानासो एसटीने म्हसवडला गेले. जाताना शर्टाच्या खिशात त्यांनी तीन रिळे घेतली होती. एक रक्तासारखे लाल, एक डाळिंबी, एक विटकरी.

बाजारपेठेत भाऊसोचे विजेच्या सामानाचे दुकान होते. भाऊसो त्यांचा जुना विद्यार्थी, शंभूराजच्याच वर्गातला. सरांना पाहून तो गल्ल्यावरून उठला, खुर्ची पुसली आणि काय हवे ते ऐकायच्या आधीच एक मोठा बल्ब काढून लावून दाखवला. दुकान पांढरेफटक झाले. नानासोंनी तिन्ही रिळे त्या उजेडाखाली ओळीने ठेवली.

"यात किती रंग आहेत?"

"एकच की, सर. लाल."

"तीन आहेत. हा दिवा नापास."

मग त्यांनी एकामागून एक दिवे मागायला सुरुवात केली. नुसता लख्खपणा कामाचा नसतो, हे त्यांनी भाऊसोला वर्गात सांगावे तसे सांगितले. उजेडात सगळे रंग पुरेसे असतील तरच कापडाचा रंग खरा दिसतो, आणि स्वस्त दिव्यात नेमका गडद लाल कमी असतो. खोक्यावर बारीक अक्षरांत त्याचाही एक आकडा छापलेला असतो, तो नव्वदच्या वर हवा. उजेड फार पिवळा नको, फार निळाही नको. भाऊसो शिडीवर चढउतार करीत खोकी काढत राहिला. आठवा दिवा नापास झाल्यावर तो शिडीवरूनच म्हणाला,

"सर, बारावीच्या प्रॅक्टिकलला माझा अर्धा मार्क कापलेला तुमी. त्या अर्ध्या मार्कानं माझा फर्स्ट क्लास गेला. आता निदान दिव्यास्नी तरी पास करा."

"तू उत्तरापुढं एकक लिहिलं नव्हतंस."

"चौदा वर्सं झाली की, सर."

"तेव्हापासून तरी लिहितोस का?"

भाऊसो हसला. अकरावा दिवा त्याने मागच्या खोलीतून आणला. तो एका सराफाने मागवला होता आणि पिवळ्या उजेडात सोने अधिक खुलते म्हणून परत केला होता. त्याच्याखाली तिन्ही रिळे तीन घरच्या तीन माणसांसारखी वेगळी दिसली. नानासोंनी ती दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिली, पुन्हा आत आणून पाहिली आणि दिवा बांधायला सांगितला. टेबलाच्या कडेला आवळून बसेल आणि हवी तशी वळेल अशी मानही त्यांनी त्याला निवडली.

खोके दोरीने बांधताना भाऊसोने मान वर केली नाही.

"वैनींसाठी हाय न्हवं?"

"हो."

"बऱ्या हायती का त्या?"

नानासोंनी रिळे एकेक करून खिशात ठेवली.

"उजेड कमी पडतो तिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिवा टेबलाच्या डाव्या, पुढच्या कोपऱ्यावर बसवला, म्हणजे हाताची सावली उजवीकडे, शिवण सोडून पडेल. डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून मान चार बोटे खाली घेतली. मीटरने सुईखाली आठशे वीस दाखवले. मग त्यांनी कापडाचे बारा तुकडे आणि बारा रिळे एकत्र कालवून टेबलावर टाकली आणि सुनेला दिव्याच्या उजेडात जोड्या लावायला सांगितल्या. ती लावत गेली तशी प्रत्येक जोडी ते स्वतः दारात नेऊन तपासत होते. सुलाबाई सोप्यात बसून त्यांचे हे जाणे-येणे पाहत होत्या.

"दारात कुणी जाऊ नये म्हणून दिवा आणला," त्या म्हणाल्या, "आन आता ह्येच चाललेत बारा येळा."

बारापैकी बारा जोड्या बरोबर निघाल्या. नानासोंनी वहीत आकडा लिहून त्याखाली रेघ ओढली.

"आता दारात जायची गरज नाही," त्यांनी उत्कर्षाला सांगितले.

तिने हात दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला.

"लय चांगला उजेड हाय, मामा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूला आत्या. मग क्षणभराने म्हणाली, "सगळंच दिसतंय."

प्रयोग इथे संपायला हवा होता. पण उपाय केल्यानंतर परिणाम मोजायचा राहिला तर उपाय केला असे म्हणता येत नाही, म्हणून नानासो आणखी तीन दिवस सोप्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. खेपा झाल्या वीस, तेवीस आणि एकवीस.

त्यांना हे आकडे आवडले नाहीत. सवय असेल, असे त्यांनी आधी धरले. पण सवय असती तर ती हळूहळू तरी उतरली असती, आणि हे आकडे उतरत नव्हते. मग वाटले, नव्या दिव्यावर तिचा विश्वास बसला नसेल. तेही टिकले नाही. एकदा त्यांनी पाहिले, तिने आधी दोरा ओवला, अर्धी शिवण घातली आणि मग तोच दोरा घेऊन ती दारात आली. जुळवणी शिवणीच्या आधी करतात, नंतर नाही.

शुक्रवारी ती एक ब्लाउज घेऊन बाहेर आली. नानासोंनी चष्म्यावरून पाहिले. हुक बसले होते, हातशिलाई झाली होती, दोऱ्यांची टोके कापली होती. त्या ब्लाउजला आता जुळवण्यासारखे काहीच उरले नव्हते.

उत्कर्षाने तो दोन्ही हातांनी उजेडात धरला. समोरून मेंढरांचा एक कळप चालला होता. मागून मेंढपाळांचे सामान लादलेले घोडे, त्यामागे धूळ. धुळीमागून अंगणवाडीतली रेश्मा स्कूटीवरून आली आणि दारासमोर पाय टेकून थांबली.

"कुणाचं हाय गं, वैनी?"

"बिराप्पामामांच्या थोरल्या सुनंचं."

"आगं बया, गळा केवडा ठेवलायस! सासू घरात घ्यायची न्हाई तिला."

"तिनंच सांगितलाय. नवरा येतोय सुट्टीवर."

"मग पाठ तरी कशाला ठेवलीस?"

उत्कर्षा हसली. मोठ्याने नव्हे, पण नानासोंच्या हातातले वर्तमानपत्र जरा खाली आले. हा आवाज घरात यापूर्वी कधी झाला होता, ते त्यांनी आठवून पाहिले. नोंद सापडली नाही. रेश्मा गेली. रस्ता रिकामा झाला. ब्लाउज अजून तसाच उजेडात धरलेला होता, आणि तो धरणारीचे डोळे ब्लाउजवर नव्हते. कळप ओढ्याकडे वळून दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. रंग जुळवायला चार सेकंद लागतात. नानासोंच्या घड्याळात सव्वातीन मिनिटे झाली होती.

हे त्यांनी वहीत लिहिले नाही. कोणत्या रकान्यात लिहावे ते कळले नाही.

त्याच संध्याकाळी सुलाबाईंनी भाकरी थापता थापता सुनेला विचारले,

"मामांनी एवडा दिवा लावलाय. मग?"

बस्स, तेवढेच. आवाजात राग नव्हता. सुलाबाईंनी गेल्या सव्वादोन वर्षांत या मुलीवर आवाज चढवला नव्हता. तिला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या होत्या, आणि माहेरचे न्यायला आले की दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न जात नसे. लोकांनी हिला नावे ठेवली तर ही इथे राहणार नाही, आणि ही गेली तर शंभूचे म्हणून घरात काही उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, पण नानासोंना तो उत्तरासकट माहीत होता.

"व्हय, आत्या," उत्कर्षा म्हणाली.

शनिवारी खेपा शून्य. रविवारी शून्य. सोमवारी शून्य. दिवा आठशे वीस दाखवत होता, बारापैकी बारा जोड्या जुळत होत्या, प्रयोग यशस्वी झाला होता. मशीन सकाळी नऊला सुरू होई आणि एकच्या ठोक्याला जेवणापुरते थांबे. मध्ये एकदाही खंड पडत नसे. कारखान्यातली यंत्रे अशी चालतात. रेश्माने दोनदा जाताना दाराकडे पाहिले आणि स्कूटी न थांबवता ती पुढे गेली.

मंगळवारी साडेअकराच्या सुमारास उत्कर्षा एक रीळ घेऊन सोप्यात आली. नानासो कोपऱ्यातल्या खुर्चीत होते आणि ते तिथे आहेत हे तिच्या ध्यानात नव्हते. दार उघडे होते. उन्हाचा एक लांबट पट्टा उंबऱ्यावरून आत येऊन फरशीवर पडला होता. ती त्या पट्ट्यापासून हातभर अलीकडे थांबली. पाय पुढे टाकला नाही. फक्त हात लांब करून रीळ उन्हात धरले. बोटे उजळली. तिने रीळ एकदा फिरवले, परत फिरवले आणि मग हात मागे घेऊन ती आत निघून गेली.

रीळ पांढरे होते.

नानासो बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत बसले. मग उठले, मीटर घेऊन त्यांनी टिकली फरशीवरच्या उन्हात ठेवली. आकडा मापाबाहेर गेला. त्यांनी मीटर बंद केले.

दुपारी जेवणे झाल्यावर सुलाबाई सोप्यात सुपात मटकी घेऊन खडे निवडत होत्या. आतल्या खोलीत मशीन चालू होते. नानासो त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, खुर्चीकडे गेले, बसले नाहीत, परत आले.

"तो दिवा," ते म्हणाले. "त्यात दोष आहे."

सुलाबाईंची बोटे मटकीतून फिरत राहिली.

"कसला दोष? बारा की बारा बराबर म्हणून तुमीच सांगितलंत की."

"तेव्हा लक्षात आलं नाही. लाल रंगात फसतो तो. आणि आता लग्नाचे ब्लाउज येणार, सगळे लालच असतात. दारातल्या उजेडाशिवाय भागणार नाही."

"म्हंजी तिला दारात जावं लागणार."

"लागणार."

"दर येळी?"

"दर वेळी. खात्री करायची तर दर वेळी."

सुलाबाईंनी एक खडा उचलला, बाजूला टाकला.

"किती फसतोय?"

प्रश्न सरळ होता. असा प्रश्न नानासोंनी स्वतः हजारो मुलांना विचारला होता, आणि आकडा न देणाऱ्याला खाली बसवले होते. त्यांनी ओठ ओले केले.

"अंदाजे," ते म्हणाले, "बराच."

मटकीतली बोटे थांबली. सुलाबाईंनी वर पाहिले. हा माणूस बाजारातून वांगी आणली तरी वजन ग्रॅममध्ये सांगे. पोराच्या बातमीचा फोन आला त्या दिवशीसुद्धा याने घड्याळात पाहून वेळ सांगितली होती. 'अंदाजे' हा शब्द त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. नानासोंनी नजर वळवली नाही, पण हातातल्या चष्म्याची काडी त्यांनी दोनदा उघडली, दोनदा मिटली.

"आन गिरणीवर कुणी इचारलं तर काय सांगू?"

"दिव्याचं भौतिकशास्त्र सांग."

"त्यास्नी काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

सुलाबाईंनी सूप एकदा पाखडले. फोलपट उडून दाराकडे गेले. दाराबाहेर ओटा होता, त्याच्यापुढे रस्ता, आणि रस्त्यावर या वेळी कुणीही नव्हते. बराच वेळ त्या तिकडेच पाहत होत्या. नानासोंना वाटले, विषय संपला, आणि तो कोणत्या बाजूने संपला ते त्यांना सांगता आले नसते.

"मग उभ्याउभ्या किती येळ बगंल ती?" सुलाबाई म्हणाल्या. "पाय भरून येत्यात. कपाटामागची ती घडीची खुर्ची काडा आन दारापाशी आत ठेवा."

नानासो कपाटाकडे वळले. खुर्चीवरची धूळ त्यांनी हातानेच झाडली आणि ती उंबऱ्याच्या अलीकडे आणून उघडली.

सुलाबाईंनी मान वर न करता एक खडा टिपला.

"आत नगं," त्या म्हणाल्या. "भायेर ठेवा, वट्ट्यावर. उजेड तितं हाय."

नानासोंनी खुर्ची उचलून उंबऱ्यापलीकडे नेली, ओट्यावर ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. एक पाय डुगडुगत होता. तो बसेपर्यंत ते तिला इकडेतिकडे सरकवत राहिले. आतले मशीन थांबले होते. केव्हा थांबले, ते त्यांनी पाहिले नव्हते.